पुसता न येणाऱ्यास कसे शिकवावे?



नवविधा भक्तीत श्रवणाचा मान पहिला, आणि आपल्या संप्रदायाचा सारा संसार श्रवणावरच चालतो. सप्ताह म्हणा, एकादशीचा जागर म्हणा, दिंडीच्या मुक्कामावरचे प्रवचन म्हणा, सगळे श्रवणच. परंतु शास्त्रकारांनी श्रवणापुढे मनन ठेवले आणि मननापुढे निदिध्यासन ठेवले. आता विचार असा की, जो माणूस चाळीस वर्षे भक्तिभावाने ऐकतो आहे, त्याला मननाच्या पायरीवर चढवायचे कोणी आणि कसे? लहानपणी धड शाळा नाही, उमेदीची वर्षे औतामागे गेली, आणि नातू शाळेत जाऊ लागला तेव्हा आजोबांच्या हाती ज्ञानेश्वरी आली. अशा प्रौढ माणसाला ग्रंथ शिकवायचा तर अर्थ सांगून मोकळे व्हावे, की ग्रंथ त्याच्या मांडीवर ठेवून द्यावा? आणि याहून नाजूक गोष्ट म्हणजे सांगणाऱ्याने किती सांगावे आणि कोठे गप्प बसावे?

आळंदीस जोगमहाराजांनी 1917 साली वारकरी शिक्षण संस्था काढली, तिचे उपकार आपल्यावर फार आहेत. पण तेथे चार वर्षे राहावे लागते. जालन्याच्या बाजूचा कपाशी-मोसंबी करणारा संसारी माणूस घरदार सोडून चार वर्षे कसा राहील? तेव्हा प्रश्न उरतोच.

या प्रश्नाचा कीस ज्यांनी आपल्याइतकाच, किंबहुना काकणभर जास्त पाडला, ते लोक म्हणजे यहुदी. मोशेची पाच पुस्तके, ज्यांना ते तोरा म्हणतात, आणि त्यांवरील चर्चेचा अफाट ग्रंथ तालमूद, यांचे अध्ययन हीच त्यांच्याकडे मोठी उपासना. वारकऱ्यांच्या मासिकात यहुद्यांचे काय काम, असे कोणी म्हणेल. अहो, काम आहे. कारण त्यांची एक शाखा आपल्याच कोकणात, आपलीच मराठी बोलत नांदली, आणि तिला हा प्रश्न प्रौढपणी, अगदी मुळाक्षरापासून सोडवावा लागला. एवढेच नव्हे, तो सोडवताना तिने एकदा आपले कीर्तन हाती धरले.

अलिबागेजवळ नवगाव म्हणून गाव आहे. तेथे फार पूर्वी गलबत फुटले, सात पुरुष व सात स्त्रिया किनाऱ्यास लागल्या आणि त्यांच्यापासून आपला वंश वाढला, असे बेने इस्राएल लोकांची परंपरा सांगते. गलबताबरोबर पोथ्या बुडाल्या. मग या लोकांनी तेलाचे घाणे घातले, गावांवरून आडनावे घेतली. राजपूरकर, दिवेकर, पेणकर, अष्टमकर अशी ती आडनावे. लुगडे-धोतर आपले, बोली आपली. मात्र शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. आठव्या दिवशी मुलाची सुंता, खवले आणि पर असलेलाच मासा खायचा, आणि देव एक आहे असे सांगणारी ‘शमा’ ही प्रार्थना तोंडपाठ, एवढीच शिदोरी. पोथी नाही, ती वाचून दाखवणारा गुरू नाही. तरी धर्म टिकला! आम्ही संथा घेतलेली माणसे पोथीचा फार अभिमान बाळगतो, त्यांनी हे घाण्याचे उदाहरण मनात ठेवावे.

पुढे दाविद राहाबी नावाचा कोणी यहुदी बाहेरून आला. त्याने म्हणे बायकांपुढे सरमिसळ मासळी रांधायला ठेवली. त्यांनी खवले-पर नसलेली निवडून बाजूला काढली, त्यावरून त्याने आपली माणसे ओळखली. मग त्याने तिघांना हिब्रू शिकवून तयार केले, आणि ते काजी म्हणून गावोगाव विधी चालवू लागले. ही शिकवण्याची पहिली रीत. थोड्यांनी शिकावे आणि त्यांनी बाकीच्यांना सांगावे. आपल्याकडेही बहुतेक गावांत हीच रीत चालते.

मुंबईस 1796 मध्ये सामाजी हसाजी दिवेकर यांनी या समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. मंदिर झाले तसा पाठ म्हणणारा लागला. 1826च्या सुमारास कोचीनचे यहुदी शिक्षक आले, त्यांनी हिब्रू प्रार्थना म्हणायला शिकवल्या. ही दुसरी रीत, म्हणजे आपली संथाच. आधी उच्चार, अर्थ जमेल तेव्हा. तिसरी रीत आणली जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने. त्याने 1832 साली या लोकांसाठी मराठीतून हिब्रू भाषेचे व्याकरण छापले. त्याचा हेतू उघड होता, ही माणसे ख्रिस्ती व्हावीत. झाले असे की, बेने इस्राएलांनी व्याकरण घेतले आणि हेतू तेथेच ठेवला. धर्मांतर फारच थोड्यांनी केले. उलट पुढे जोसेफ इझिकेल राजपूरकर (1834–1905) यांच्यासारखे हिब्रू पंडित त्यांच्यातच निपजले, त्यांनी एकामागून एक प्रार्थनापुस्तके मराठीत आणली. शिकवणाऱ्याचा हेतू दुसरा असला तरी अक्षर ज्याच्या हाती पडले त्याचेच होते. व्याकरणाला कोरडे म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा. कोरडे खरेच, पण ते कोणाचे मिंधे नसते.

मग 1880 साली मुंबईत या समाजातल्या काही जाणत्या मंडळींनी कीर्तन सुरू केले. होय, कीर्तनच. बेंजामिन शिमशोन अष्टमकर हे त्यांतले एक ठळक नाव. अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने त्यांनी मराठी पदांत बांधली. थाट हरिदासी, नारदीय. आपला टाळकरी उभे करण्याचा वारकरी थाट नव्हे. कारण उघड होते. मंदिरातली हिब्रू कानावरून जाई, व्याकरण शिकायला गिरणी-कचेरीतल्या माणसाला सवड नसे, बायकांना तर त्याहून नसे. कीर्तनात मात्र भावांनी योसेफाला आडात टाकले की साऱ्या सभेच्या डोळ्यांना पाणी येई. आम्हा कीर्तनकारांना यात धन्यता वाटणे साहजिक आहे.

पण येथेच थांबून विचार केला पाहिजे. कीर्तनाने कथा हृदयात जाते, यात शंका नाही. तथापि रडलेला श्रोता दुसऱ्या दिवशी पोथी उघडतो का? मला या धंद्यात चाळीस वर्षे झाली, म्हणून बोलतो. जितके सांगणे गोड, तितका श्रोता तृप्त. आणि जितका तृप्त, तितका पोथीपासून लांब. जेवून उठलेल्या माणसाला चूल पेटवावीशी वाटत नाही.

यहुदी लोकांचा वल्हांडण सण असतो, मिसर देशाच्या दास्यातून सुटल्याचा. त्या रात्री घरातली सगळी मंडळी जेवणाच्या मेजाभोवती बसून ‘हग्गादा’ नावाचे पुस्तक वाचतात. मराठी अर्थासह हे पुस्तक मुंबईत 1846 मध्ये शिळेवर छापले गेले, आणि 1874 मध्ये पुण्यास पुन्हा निघाले, ते विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या छापखान्यात. यहुद्यांचा ग्रंथ, छापणारा अग्निहोत्री, नाव विठ्ठल! त्यातल्या चित्रात बायका लुगडी नेसून सणाची बेखमीर भाकरी करताना दाखवल्या आहेत.

या पुस्तकाचा नेम असा की, कथा सांगण्यापूर्वी घरातल्या लहानाने प्रश्न विचारायचा. प्रश्न झाल्याशिवाय कथा नाही. लहान मूल नसेल तर बायकोने विचारावे. माणूस एकटा असेल तर त्याने स्वतःलाच विचारावे. आणि दोन पंडित, ज्यांना सगळे ठाऊक आहे, तेही एकत्र बसले तर त्यांनी एकमेकांस विचारल्यावाचून पुढे जाऊ नये, असे तालमूदकारांनी ठरवून ठेवले. पुढे त्यात चार मुलगे सांगितले आहेत. एक शहाणा, एक दुष्ट, एक भोळा, आणि चौथा, ज्याला काय पुसावे हेच कळत नाही. पहिल्या तिघांना ज्याच्या त्याच्या प्रश्नाप्रमाणे उत्तर आहे. चौथ्याला प्रश्नच नाही, तर उत्तर कशाचे द्यायचे? तेथे बापाला आज्ञा आहे की, तूच त्याच्यासाठी सुरुवात कर, त्याचे तोंड उघड.

सज्जनहो, आपल्या सप्ताहाच्या मंडपात हा चौथा मुलगा सर्वांत जास्त बसलेला असतो. फक्त तो मुलगा नसतो, साठीचा म्हातारा असतो. त्याला शंका नाही असे नाही. पण एवढ्या वयात, एवढ्या माणसांत, ‘महाराज, हा शब्द कळला नाही’ असे म्हणायची त्याला लाज वाटते. मूल चुकले तर लोक कौतुकाने हसतात. म्हातारा चुकला तर नुसतेच हसतात. प्रौढाला शिकवण्यातली खरी अडचण बुद्धीची नाही, ती या लाजेची आहे.

या लाजेवर त्या लोकांनी काढलेला तोडगा मला फार आवडला. त्यांच्या पाठशाळेत गुरूपुढे रांगेने बसून ऐकणे थोडे, आणि दोघादोघांनी जोडीने बसणे फार. याला हावरुता म्हणतात, म्हणजे सोबत, मैत्र. दोघांमध्ये एक ग्रंथ. एकाने वाचायचे, दुसऱ्याने अडवायचे, मग उलट. सगळ्या जोड्या एकदम बोलत असल्याने तेथे आठवडी बाजाराचा कलकलाट असतो. सभेत जो तोंड उघडत नाही तो एका माणसापुढे उघडतो, कारण समोरचाही तितकाच अडलेला असतो. तालमूदच्या छापील पानाची घडणही तशीच. मधोमध मूळ, एका अंगाला राशी (1040–1105) या महान टीकाकाराची टीका, दुसऱ्या अंगाला त्याच्या शिष्य-नातवांचे आक्षेप. नातवाने आजोबांना अडवले आणि ते अडवणे आजोबांच्याच पानावर छापले गेले, आणि त्यात आजोबांचा अपमान झाला असे कोणी मानले नाही.

एक गोष्ट सांगतो. योहानान नावाचे मोठे आचार्य होते. त्यांचा सोबती रेश लाकीश, पूर्वीचा दरोडेखोर. आपल्या वाल्मिकींची आठवण यावी असा. तो वारला तेव्हा योहानान शोकात बुडाले. लोकांनी त्यांच्याकडे दुसरा एक विद्वान पाठवला. योहानान काही बोलले की हा लगेच म्हणे, आपल्या म्हणण्याला अमुक आधार आहे. योहानान चिडले. ते म्हणाले, मी बरोबर आहे हे मला ठाऊक नाही का? रेश लाकीश मी बोललो की चोवीस शंका काढी, मी चोवीस उत्तरे देई, आणि त्यातून अर्थ आपोआप उकले. मान डोलावणारा सोबती असून नसल्यासारखा, हे त्यांचे दुःख होते. आम्हा महाराज लोकांभोवती मान डोलावणारेच फार असतात.

कोणी म्हणेल, हा पंडितांचा खेळ झाला. एका शब्दावर घासाघीस करून संसारी माणसाला काय मिळते? त्यावर बेरूर्या या विदुषीची कथा आहे, तालमूदातलीच. तिचे पती मेईर मोठे आचार्य. त्यांच्या आळीत काही गुंडांनी त्यांना फार छळले, म्हणून त्यांनी प्रार्थना आरंभिली की हे लोक मरोत. आणि आधाराला स्तोत्रातले एक वचन होते. बेरूर्या म्हणाली, वचन नीट वाचा. तेथे पापे नाहीशी होवोत असे आहे. पापी नाहीसे होवोत असे नाही. त्यांच्यासाठी दया मागा. त्यांनी तशी प्रार्थना केली, आणि ते गुंड सुधारले. दोन शब्दांत फरक केवढा, तर अक्षरांच्या उच्चाराएवढा. पण त्या फरकावर शेजारच्या माणसांचे मरण की जगणे, हे ठरत होते. आणि अर्थ लावला कोणी, तर घरातल्या बाईने.

आता पसायदान पाहा. आपल्याकडे ते कोणाला पाठ नाही? तीन वर्षांमागे चातुर्मासात अंबड तालुक्यातल्या एका वाडीत मी कीर्तनाऐवजी दोघादोघांना बसवून पाहिले. पसायदान घेतले, म्हटले ज्याला जो शब्द अडेल तो त्याने सोबत्याला पुसावा, मला नव्हे. पहिल्या रात्री कोणी बोलेना. दुसऱ्या रात्री एक सत्तरीचे आजोबा सोबत्याला हळूच म्हणाले, “का रे, यातला व्यंकटी कोण? बालाजी का?” सोबती म्हणाला, “मला तर खळ म्हणजे आपलं खळंच वाटतं, मळणीचं.” दोघे हसले. जन्मभर रोज म्हणत आले होते, आणि मनात खळ्यावर उभा असलेला बालाजी दिसत होता! मग दोघांनी आपसात खटपट केली. खळ्याचा येथे काय संबंध? एकाला आठवले की खलपुरुष म्हणतात, तोच हा खळ. दुसऱ्याने व्यंकटी पुसायला मला हाक मारली. मी म्हटले, वाकडेपणा, तिरकेपणा. एवढे सांगून मी गप्प बसलो. जड गेले, कारण पुढचे सारे निरूपण जिभेवर आले होते. थोड्या वेळाने आजोबाच म्हणाले, “म्हणजे खळ जात नाही. त्याचं वाकडंपण जातं. माणूस राहतो.” आणि मग, बांधावरून ज्या भावकीशी कोर्टकचेरी चालली होती त्यांचे नाव घेऊन ते म्हणाले, “मग मी रोज त्याच्यासाठीच मागत होतो की काय?”

हे मी सांगितले असते तर त्यांनी मान डोलावली असती.

आता पूर्वपक्ष. पहिला आक्षेप, असे पुसत बसले तर श्रद्धा जाते. याचे उत्तर वरच आले. रेश लाकीशाच्या चोवीस शंकांनी योहानानांची श्रद्धा गेली नाही, शंका बंद झाल्या तेव्हा मात्र त्यांचे चित्त ढळले. दुसरा आक्षेप वजनदार आहे. दोन अडाणी एकत्र बसले तर दुप्पट अडाणीपणा होईल, भलता अर्थ रूढ होईल. हे भय खरे आहे. नाथमहाराजांना 1584 साली ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध करावी लागली ती हौसेने नव्हे. वाचणाऱ्या-लिहिणाऱ्यांच्या हातून अपपाठ शिरले होते. म्हणून जाणता माणूस जवळ हवाच. परंतु तो जवळ असावा, मध्ये असू नये. जोडीचे बोलणे संपल्यावर त्याने चूक असेल ती दाखवावी, आणि ती दाखवताना पोथीतले शब्द बोटाने दाखवावेत, आपल्या अधिकाराचा धाक घालू नये.

तिसरा आक्षेप श्रोतेच घेतात, “आता या वयात आम्हाला काय येणार?” अकीवा नावाचे यहुद्यांचे श्रेष्ठ आचार्य चाळीस वर्षांचे होईपर्यंत निरक्षर होते. पाण्याच्या थेंबांनी खडक झिजलेला त्यांनी पाहिला, आणि मुलाबरोबर मुळाक्षरे गिरवायला बसले. आणि ज्याची बुद्धी मंद आहे त्याच्यासाठी पेरीदा आचार्यांचे उदाहरण. त्यांचा एक शिष्य असा होता की त्याला एक पाठ चारशे वेळा सांगावा लागे. एके दिवशी आचार्यांना कोणी बोलावणे आले, ते आता उठतील या चिंतेत शिष्याचे लक्ष उडाले, चारशे वेळा सांगून काही येईना. आचार्य म्हणाले, बस, मी जात नाही. आणि पुन्हा चारशे वेळा सांगितले. आपण तीनदा सांगून ‘डोक्यात शिरत नाही’ म्हणतो.

शिकलेल्यांचाही एक वर्ग आहे, ज्यांना बाहेरचे सगळे येते आणि घरचे येत नाही. त्यांच्यासाठी जर्मनीत फ्रांकफुर्टला 1920 साली फ्रान्झ रोझेनझ्वाइग या तत्त्वज्ञाने प्रौढांची पाठशाळा काढली. ग्रंथापासून संसाराकडे न येता संसारातून ग्रंथाकडे यावे, असा तिचा क्रम होता. आपल्या इंजिनियर-डॉक्टर झालेल्या मुलांनाही तो क्रम मानवेल असे वाटते, पण तो विषय वेगळा.

पारायणाविषयी दोन शब्द बोलल्याशिवाय हा लेख पुरा होत नाही. आपण नऊ हजार ओव्या सात दिवसांत वाचतो. यहुद्यांत मेईर शपिरो यांनी 1923 साली व्हिएन्नाच्या सभेत सुचवले की जगातल्या सर्वांनी रोज तालमूदचे एकच पत्र, तेही सर्वत्र तेच, वाचावे. पत्रे 2711, एका आवर्तनास सुमारे साडेसात वर्षे लागतात. 2020च्या जानेवारीत चौदावे आवर्तन सुरू झाले. दुकानदार, कारकून, आगगाडीतले प्रवासी, सगळे त्यात आहेत. आपले सात दिवस, त्यांची साडेसात वर्षे. पारायणाला मी नावे ठेवत नाही. सात दिवस एका जागी बसून वाणी पवित्र होते, गाव एक होते. पण ते अध्ययन नव्हे, आणि एकाच्या ताटात दुसरे वाढू नये. रोज एकच ओवी जोडीने घेतली तर ज्ञानेश्वरीला सुमारे पंचवीस वर्षे लागतील. हा हिशेब मी त्या वाडीत सांगितला तेव्हा ते आजोबा म्हणाले, “मग उद्यापासून दोन घ्या.”

करू पाहणाऱ्यांसाठी व्यवहाराचे थोडे सांगतो. दोन्ही वाचणारेच पाहिजेत असे नाही. आमच्या भागात निजामाच्या राज्यात कचेरी आणि वरच्या शाळा उर्दूत चालत, घरोघरच्या जुन्या माणसांना मराठी अक्षर आलेच नाही. पण त्यांना हरिपाठ मुखोद्गत असे, आणि ते पाठांतर काही घरांत अजून उतरलेले आहे. तेव्हा एक डोळ्यांचा आणि एक पाठांतराचा, अशी जोडी लावावी. त्या वाडीत सगळ्यांत चांगली चालली ती जोडी सासू-सुनेची. सून दहावी झालेली, तिने वाचायचे; सासूला अक्षर नाही, पण ओवी अर्ध्यावर आली की पुढची तिच्या तोंडी. सून अडवी, “आत्याबाई, हे कशावरून?” सासू आधी रागावे, मग दळणाच्या, पेरणीच्या शब्दांतून अर्थ काढी, आणि त्यातले निम्मे शब्द सुनेने कोशात शोधले तेव्हा सासूचेच बरोबर निघाले. बापलेकांची जोडी मात्र लावू नये. दोन रात्रींत मोडते. पोथी मोठ्या टाइपाची घ्यावी, दिवा दोघांच्या मध्ये ठेवावा, आणि चष्मा घरी विसरलेल्याला परत पाठवावे.